प्रयोगशाळेच्या बोर्डावरील सुटे भाग डाख न उकलता बदलता यावेत, यासाठी काय करावे?

तंत्रमास्तर (धागाकर्ता)

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अ‍ॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिके करून घेतो. त्यासाठी आमच्याकडे एका ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ऑप-अँपचे (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचे) दोन टप्पे असलेला बोर्ड आहे, आणि त्यावरचे सगळे भाग डाखाने पक्के, म्हणजे सोल्डर केलेले आहेत. दर सत्रात कोणीतरी आयसी जाळतो, मग मी सकर आणि विक (वितळलेला डाख ओढून घेणारा पंप आणि तांब्याची वेणी) घेऊन ती काढतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तांब्याचा पॅड उखडून हातात येतो आणि तिथून पुढे त्या बोर्डाला वायरींची ठिगळे लागत जातात.

ब्रेडबोर्डचा (डाखाशिवाय छेदांत पाय खुपसून सर्किट जोडायच्या पाटीचा) मार्ग मी वापरून पाहिला आहे. त्यात दोन तासांच्या प्रात्यक्षिकातला दीड तास जोडणीतील चुका शोधण्यात जातो आणि वर्षभरात ब्रेडबोर्डचे छेद इतके सैल होतात की बरोबर जोडलेले सर्किटही चालत नाही. म्हणून या वेळी वीस नवे बोर्ड करून घ्यायचे आहेत. मनात असे आहे की आयसी, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर असे सारेच भाग बेसमध्ये (सॉकेटमध्ये) किंवा बर्ग स्ट्रिपमध्ये (छेदांच्या पट्टीत) बसवावेत, म्हणजे विद्यार्थ्याला काहीही काढून दुसरे काहीही लावता येईल. ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

जुना दुरुस्तीवाला

मास्तर, "सारेच" हा शब्द तेवढा काढून टाका.

मी व्हॉल्व्हच्या रेडिओपासून हे काम करत आलो आहे. व्हॉल्व्ह बेसमध्ये बसवत, कारण त्याचे फिलामेंट दिव्यासारखे एक दिवस जाणारच, हे बनवणाऱ्याला पक्के ठाऊक असे. १९३५ साली आठ पिनांचा ऑक्टल बेस आला, व्हॉल्व्हच्या मधल्या खुंटीला एक उभा कंगोरा दिलेला होता, त्यामुळे अंधारात चाचपडत बसवला तरी व्हॉल्व्ह उलटा बसत नसे. त्याच रेडिओतले रेझिस्टर आणि कपॅसिटर मात्र कोणी बेसमध्ये लावत नव्हते, ते थेट टॅगवर सोल्डर केलेले असत. जे मरणार ते बेसमध्ये आणि जे टिकणार ते डाखाने पक्के, अशी ती सरळ विभागणी होती.

बेसमधला प्रत्येक पाय म्हणजे एक स्विच, आणि तो कधी उघडेल हे आपल्या हातात नसते. गणेशोत्सवात एका मंडळाचा मिक्सर ऐन आरतीच्या वेळी बंद पडला होता. मी झाकण उघडले, बेसमधली आयसी अंगठ्याने दाबली आणि आवाज परत आला. लोकांना वाटले, हा मोठा जादूगार आहे. खरे तर आयसी शाबूत होती, पण दहा वर्षांच्या थंड-गरम होण्याने तिचे पाय बेसमधून हळूहळू वर सरकले होते. १९८० मध्ये आलेल्या अ‍ॅपल थ्री या संगणकाची हीच कथा प्रसिद्ध आहे. त्यात पंखा नव्हता, आतल्या चिपा बेसमधून सैल होत आणि ग्राहकांना संगणक टेबलावरून थोडा उचलून खाली सोडण्याचा सल्ला दिला जाई.

डाखपेटी

दुरुस्तीवाल्या काकांशी मी सहमत आहे, पण प्रयोगशाळेच्या बोर्डाला वेगळा निकष लावावा लागतो, कारण तिथे भाग बदलणे हा अपघात नसून रोजचे काम आहे. म्हणून आधी बेसच्या प्रकारांविषयी लिहितो.

बाजारात "आयसी बेस द्या" म्हटले की जो काळा, स्वस्त बेस हातात पडतो, त्याच्या प्रत्येक छेदात पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात आणि आयसीचा चपटा पाय त्या दोन्ही बाजूंनी धरतात. नवा असताना तो उत्तम चालतो. त्याच्या दोन खोडी आहेत. पहिली अशी की त्या पट्ट्या खालून उघड्या असतात, त्यामुळे सोल्डर करताना पातळ झालेला फ्लक्स (डाखासोबतचे राळेसारखे द्रव्य) केशाकर्षणाने वर चढून संपर्काच्या जागेवर वाळतो आणि नवाकोरा बेस पहिल्या दिवसापासून अधूनमधून तुटक चालतो. दुसरी खोडी विद्यार्थ्यांची आहे. त्यांनी एकदा जरी त्या छेदात बर्ग स्ट्रिपची चौकोनी पिन खुपसली, तरी पट्ट्या कायमच्या फाकतात. कारण सरळ आहे. आयसीचा पाय जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो आणि बर्गची पिन चारी बाजूंनी ०.६४ मिलिमीटर असते.

दुसरा प्रकार राउंड पिनचा, ज्याला मशीन्ड बेस म्हणतात. त्यात कातकाम केलेली गोल पितळी नळी असते, तिच्या आत लवचिक बोटे असलेली छोटी क्लिप असते आणि बहुधा तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. ही नळी खालून बंद असल्यामुळे फ्लक्स आत शिरत नाही. किंमत साध्या बेसच्या काही पट पडते, पण वीस बोर्डांच्या हिशेबात तो खर्च एका जळलेल्या दुपारपेक्षा कमीच भरेल. याच्या छेदाला जाड तार मात्र चालत नाही. १एन४१४८ डायोडचा पाय त्यात सहज जातो, १एन४००७ चा पाय कोंबला तर आतली क्लिप बिघडते.

तिसरा झिफ, म्हणजे जोर न लावता आयसी बसवायचा बेस. तरफ उभी केली की आयसी अलगद पडते आणि आडवी केली की घट्ट धरली जाते. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत प्रोग्रामरवर तो पाहिलेला असेल. साधा बेस काही रुपयांत येतो, तर झिफसाठी शेकड्यांत मोजावे लागतात. दिवसाला तीस वेळा आयसी बदलायची असेल तरच तो घ्यावा.

एक युक्ती सांगून थांबतो. प्रत्येक आयसी तिच्या स्वतःच्या राउंड पिन बेसमध्ये कायमची बसवून ठेवावी आणि विद्यार्थ्यांना ती जोडीच हाताळायला द्यावी. मग वाकतील ते बेसचे पाय, आयसीचे नाहीत, आणि बोर्डावरही राउंड पिन बेसच असेल तर ही जोडी त्यात नीट बसते. नव्या आयसीचे पाय थोडे बाहेर फाकलेले असतात. ती टेबलावर कुशीवर ठेवून एकेक बाजू हलकी दाबायची आणि दोन्ही रांगा ७.६२ मिलिमीटर अंतरावर आणायच्या, हे पहिल्याच तासाला शिकवावे. डीआयपी हे दोन रांगांत पाय असलेले पॅकेज १९६४ मध्ये फेअरचाइल्डने घडवले. तेव्हापासून आजतागायत हे पाय दाबण्याचे काम करणाऱ्याच्याच माथी आहे.

तंत्रमास्तर

दोघांचेही आभार. आयसीपुरता प्रश्न सुटला असे म्हणता येईल. माझी खरी अडचण ट्रान्झिस्टरची आहे. कधी बीसी५४७ मिळतो, कधी २एन३९०४, भांडारात जुन्या २एससी९४५ ची एक पिशवी पडून आहे, आणि या सगळ्यांचे पाय वेगवेगळ्या क्रमाने येतात. तीन छेदांची स्ट्रिप लावली तर विद्यार्थी चुकीचा पाय चुकीच्या छेदात घालणार, किंवा पाय एकमेकांवरून पिळून बसवणार, आणि मग ते आतल्या आत एकमेकांना टेकणार.

शून्य व्होल्ट

मास्तर, तीनऐवजी पाच छेद द्या.

आपल्या मल्टिमीटरवर एचएफई (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो ते) मोजायची जी खोबण असते, तिच्यात एमिटरचा छेद दोनदा दिलेला असतो, तो याच कारणासाठी. तीच कल्पना एक घर पुढे न्यायची. राउंड पिनच्या स्ट्रिपचा पाच छेदांचा तुकडा तोडावा आणि डावीकडून क्रमाने एमिटर, बेस, कलेक्टर, एमिटर, बेस अशी जोडणी करावी (इथे बेस म्हणजे ट्रान्झिस्टरचा पाय, आयसीचा बेस नव्हे). पहिला आणि चौथा छेद बोर्डावरच एकमेकांना जोडलेला, तसेच दुसरा आणि पाचवा.

आता कागदावर मांडून पाहा. लागोपाठचे तीन छेद तीन प्रकारे निवडता येतात आणि त्यांतून एमिटर-बेस-कलेक्टर, बेस-कलेक्टर-एमिटर आणि कलेक्टर-एमिटर-बेस हे तीन क्रम मिळतात. ट्रान्झिस्टर पाठमोरा फिरवून बसवला की याच तिघांचे उलटे क्रम मिळतात. तीन पायांचे एकूण क्रम सहाच होऊ शकतात आणि ते सहाही यात आले. सपाट बाजू आपल्याकडे धरली असता बीसी५४७ चे पाय कलेक्टर-बेस-एमिटर असे येतात, म्हणून तो पहिल्या तीन छेदांत, सपाट बाजू मागे करून बसतो. २एन३९०४ त्याच तीन छेदांत, सपाट बाजू पुढे करून बसतो. २एससी९४५ चा क्रम एमिटर-कलेक्टर-बेस, म्हणून तो मधल्या तीन छेदांत आणि पाठमोरा. बीएफ४९४ मध्ये एमिटर मधोमध असतो, त्याला शेवटचे तीन छेद लागतात. विद्यार्थ्याला डेटाशीट उघडून पायांचा क्रम वाचावाच लागतो आणि मगच जागा निवडावी लागते, हा यातला आणखी एक लाभ.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. हे छेद पायांचा क्रम सोडवतात, ट्रान्झिस्टरची जात सोडवत नाहीत. एनपीएनच्या जागी पीएनपी जातीचा बीसी५५७ बसेल, पण सर्किट चालणार नाही. आणि शेजारशेजारच्या छेदांमुळे कलेक्टर व बेस यांच्यात दोनएक पिकोफॅरड वाढतात. टप्प्याचा गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) १०० असेल तर मिलर परिणामाने बेसला ते २०० पिकोफॅरडसारखे भासतात आणि मागे १० किलोओहमचा स्रोत असेल तर उच्च वारंवारतेची मर्यादा साधारण ८० किलोहर्ट्झवर येते. ध्वनीच्या प्रयोगांना त्याने काही बिघडत नाही, रेडिओ वारंवारतेच्या प्रयोगांना मात्र हा बोर्ड वापरू नये.

मोगरा २२०

येथवरची सगळी चर्चा भाग बसतो की नाही, याभोवती फिरते आहे. मला त्याहून अवघड वाटणारा प्रश्न असा आहे की बसलेला भाग चालतो की नाही, आणि चालत नसेल तर त्याचे कारण विद्यार्थ्याला बोर्डावरून कळते की नाही.

८ पायांच्या दुहेरी ऑप-अँपचे (एका आयसीत दोन अँप असलेल्याचे) पाय जवळजवळ सर्व कंपन्यांनी सारखेच ठेवले आहेत. त्यामुळे आरसी४५५८, टीएल०७२, एनई५५३२, ओपीए२१३४ आणि एलएम४५६२ यांची अदलाबदल हाताने अगदी सोपी वाटते. विद्युतदृष्ट्या ती तितकी सोपी नाही. टीएल०७२ च्या आत प्रवेशाला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याचा इनपुट बायस प्रवाह (इनपुटच्या पायातून वाहणारा बारीक प्रवाह) पिकोअँपिअरमध्ये मोजतात, तर एनई५५३२ चा हाच प्रवाह सर्वसाधारणपणे २०० नॅनोअँपिअर आहे. आपण इनपुटला जमिनीशी १ मेगाओहम लावला असेल, तर टीएल०७२ बसवल्यावर त्या रेझिस्टरवर काहीच जाणवत नाही, पण एनई५५३२ बसवताच ०.२ व्होल्ट डीसी उभे राहते. पुढे डीसीपर्यंत जाणारा २० चा गेन असेल तर आउटपुट ४ व्होल्टने सरकते आणि विद्यार्थी म्हणतो की आयसी खराब आहे. म्हणून आयसी बदलण्याचा प्रयोग अपेक्षित असेल, तर इनपुटचा रेझिस्टर ४७ किंवा १०० किलोओहमच्या आत ठेवावा आणि गेन ठरवणाऱ्या फांदीत कपॅसिटर टाकून डीसीचा गेन १ वर आणावा.

दुसरी बाब एकेरी ऑप-अँपची. ७४१ च्या जागी एनई५५३४ बरोबर बसतो, पण ३ पेक्षा कमी गेनला तो स्थिर राहावा म्हणून त्याच्या ५ आणि ८ क्रमांकाच्या पायांमध्ये छोटा कपॅसिटर द्यावा लागतो. ७४१ ला त्याची गरज नसते. त्या जागी दोन छेदांची स्ट्रिप ठेवली, तर हाच एक सुंदर प्रयोग होतो. कपॅसिटर काढला की ऑसिलोस्कोपवर आंदोलने दिसतात, लावला की ती शमतात.

तिसरी बाब डिकपलिंगची, म्हणजे सप्लायचे चढउतार आयसीपाशीच शमवणाऱ्या कपॅसिटरची. बेसमुळे आयसी बोर्डापासून चार-पाच मिलिमीटर उंच होते, आणि एलएम४५६२ सारख्या ५५ मेगाहर्ट्झच्या ऑप-अँपला ती उंची आणि लांब ट्रॅक दोन्ही खुपतात. १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर बेसच्या मधल्या मोकळ्या जागेत, बेसच्या आडव्या दांड्या चुकवून, बोर्डावर कायमचे सोल्डर करावेत. ते बदलता येण्याजोगे ठेवण्यात काहीही अर्थ नाही.

खाडीकाठ

मी रत्नागिरीजवळ राहतो, म्हणून हवेविषयी लिहितो. पुण्यात पाच वर्षे निर्वेध चाललेला बेस आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात कुरकुरायला लागतो. खारी, दमट हवा कथलाच्या मुलाम्यावर पापुद्रा धरते, आणि छोट्या सिग्नलचा प्रवाह इतका कमी असतो की तो पापुद्रा भेदून जात नाही. आयसी काढून पुन्हा बसवली की संपर्क घासला जातो आणि काही महिने बरे जातात. काकांचे आरतीच्या वेळचे अंगठ्याने दाबणे काही अंशी तेच होते.

एक चूक अनेकांकडून होते. सोन्याच्या मुलाम्याचा बेस महाग म्हणून चांगला, असे समजून तो घेतला जातो आणि त्यात कथलाच्या पायांची आयसी कायमची सोडून दिली जाते. सूक्ष्म हालचालीने कथलाचा ऑक्साइड सोन्यावर साचत जातो आणि हा संपर्क अपेक्षेपेक्षा लवकर बिघडतो. जिथे भाग वर्षानुवर्षे हलणार नाही, तिथे कथलाला कथल आणि सोन्याला सोने हा नियम पाळावा. मास्तरांच्या बोर्डावर भाग रोज निघणार आणि बसणार, म्हणजे घासणे आपोआप होणार, त्यामुळे तिथे सोन्याचा राउंड पिन बेस निःशंक वापरावा. डाखपेटी यांच्या युक्तीप्रमाणे जोडी केली तर बोर्डाच्या छेदाला बहुधा सोन्याचीच पिन भेटेल, हे ओघाने आले. सुट्टीत बोर्ड ठेवताना मात्र ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत.

सरळसोट

मला एक मूलभूत शंका आहे आणि ती थोडी परखडपणे मांडतो. रेझिस्टर बदलायचा असेल तर तो काढायचा कशाला? चार रेझिस्टर कायमचे सोल्डर करा आणि जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या टोपीने) किंवा डिप स्विचने (बारीक स्विचांच्या रांगेने) त्यांतला एक निवडा. छेद झिजणार नाही, रेझिस्टर हरवणार नाही, टेबलाखाली रांगत शोधावा लागणार नाही. बदलण्याची गरज आणि निवडण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या धाग्यात त्यांची सरमिसळ होते आहे. शिवाय तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या मुलाला सोल्डरिंग यायला नको का?

तंत्रमास्तर

सरळसोट, आपल्या पहिल्या मुद्द्याने माझा आराखडा बदलला, हे मोकळेपणाने सांगतो. ट्रान्झिस्टरचा बायस (सिग्नल नसतानाचा ठरलेला प्रवाह) आणि ऑप-अँपचा गेन यांसाठी मी दरवेळी तीन-चार ठरलेल्याच किमती वापरतो, तेव्हा तिथे निवड पुरेशी आहे. फक्त एका जागी विद्यार्थ्याने स्वतः गणित करून आलेली किंमत लावावी असे मला वाटते, आणि ती जागा मी मोकळी ठेवणार आहे.

दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. सोल्डरिंग शिकवण्यासाठी आमच्याकडे वेगळी प्रात्यक्षिके आणि वेगळे झीरो पीसीबी (नुसत्या छेदांचे कोरे बोर्ड) आहेत. ज्या दिवशी मुलांनी बायस बिंदू सरकताना पाहायचा आहे, त्या दिवशी त्यांनी सकरशी झुंजत बसावे, यात मला कोणतेही शिक्षण दिसत नाही.

मोगरा २२०

मोकळ्या ठेवणार त्या एका जागेविषयी सावध करते. ती जागा ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये (आउटपुट इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेत) असेल आणि रेझिस्टरचा पाय छेदातून निसटला, तर ऑप-अँपचा लूप उघडतो आणि आउटपुट थेट सप्लायच्या एका टोकाला जाऊन आदळते. म्हणून त्या छेदांना समांतर १ मेगाओहम कायमचा सोल्डर करून ठेवावा. विद्यार्थ्याने १०० किलोओहम लावला की प्रत्यक्षात ९०.९ किलोओहम मिळतील, आणि हा फरक का पडला हे वहीत लिहायला सांगता येईल. पाय निसटला तर गेन सुमारे अकरापट होईल, पण लूप बंदच राहील.

छेदांचे अंतर ठरवताना पाव वॅटचा रेझिस्टर १०.१६ मिलिमीटरवर वाकवलेला धरावा. कपॅसिटरचे पाय कधी अडीच, कधी पाच मिलिमीटर अंतरावर असतात. तिथे एका टोकाला एक छेद आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांना जोडलेले दोन-तीन छेद द्यावेत, म्हणजे कोणतेही माप बसते.

अर्धा मिलिमीटर

मी पीसीबी आरेखनाचे काम करतो. सगळ्यांचे लक्ष बेसवर आहे, पण जे भाग सोल्डरच राहणार आहेत तेही कधीतरी बदलावे लागतील आणि त्यांची सोय आरेखनातच करावी लागते.

ग्राउंडच्या मोठ्या तांब्यात बुडालेला पॅड हा पॅड उखडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. तो मोठा पत्रा सोल्डरिंग आयर्नची उष्णता पिऊन टाकतो, डाख वितळत नाही, माणूस आयर्न आणखी दाबून धरतो आणि तांबे बोर्डाला चिकटवणारा थर तेवढ्यात सैल होतो. पॅडभोवती तांबे कापून त्याला चार बारीक आऱ्यांनीच ग्राउंडशी जोडले, तर उष्णता पॅडपाशी राहते आणि २५ वॅटचा साधा आयर्नही पुरतो. छेद ०.८ ऐवजी १.० मिलिमीटरचा ठेवला तर पायाभोवती सकरला ओढायला जागा मिळते, आणि पॅड गोलाऐवजी लंबगोल केला तर त्याची पकड वाढते.

बोर्ड पेपर फिनोलिकचा घेऊ नये, ग्लास इपॉक्सीच घ्यावा. फिनोलिकवर तांब्याची पकड मुळातच कमी असते. डाख ६०/४० चा (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) वापरला तर सुमारे १९० अंश सेल्सिअसला तो पूर्ण वितळतो. शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या पुढे वितळू लागतो आणि तेवढी जास्त उष्णता प्रत्येक बदलाच्या वेळी पॅडला सोसावी लागते. प्रयोगशाळेत शिशाचा डाख वापरणार असाल, तर काम झाल्यावर हात धुण्याची शिस्त लावावी.

शून्य व्होल्ट

आयसी उलटी बसली तर काय, हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही, आणि ती बसणार हे नक्की. ऑक्टलच्या खुंटीसारखी सोय डीआयपीत नाही. बेसची खाच केवळ डोळ्यांना दिसते, हाताला अडवत नाही. दुहेरी ऑप-अँप अर्ध्या फेऱ्याने फिरला की ४ आणि ८ हे सप्लायचे पाय एकमेकांच्या जागी जातात. म्हणजे पूर्ण सप्लाय उलटा. १४ पायांच्या ७४ मालिकेतील डिजिटल आयसींत ७ आणि १४ यांचेही तेच होते.

उपाय स्वस्त आहे. सप्लाय अधिक-उणे ९ व्होल्ट ठेवावा आणि प्रत्येक आयसीच्या दोन्ही सप्लाय पायांना २२० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर मालिकेत द्यावा. सुलट असताना एनई५५३२ साधारण ८ मिलिअँपिअर घेतो, तेव्हा दर बाजूला पावणेदोन व्होल्ट गळतात आणि ७.२ व्होल्ट उरतात, जे प्रयोगाला पुरेसे आहेत. उलटी बसली तर आयसीच्या आतला डायोड सुरू होतो, पण १८ मधून ०.८ वजा करून ४४० ओहमने भागले की प्रवाह ३९ मिलिअँपिअरवरच अडतो. रेझिस्टरमध्ये एकतृतीयांश वॅट खर्च होते, तो गरम होतो पण जळत नाही, आणि आयसी वाचण्याची शक्यता बरीच वाढते. डिकपलिंगचे कपॅसिटर या रेझिस्टरच्या पुढे, आयसीच्या बाजूला असावेत, हे आरेखनात पाहावे.

दोन्ही सप्लायवर एकेक एलईडीही द्यावा. विद्यार्थ्यांना एकच नियम सांगावा की दोन्ही दिवे पूर्ण विझल्याशिवाय काहीही काढायचे नाही आणि घालायचे नाही. मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज त्याच दिव्यांतून ओसरतो.

तंत्रमास्तर

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, राउंड पिनचे बेस आणि स्ट्रिपा आणल्या, आणि वीसपैकी दोनच बोर्ड आधी करून घेतले.

बेसमध्ये फक्त दोन ऑप-अँप आहेत. ट्रान्झिस्टरला पाच छेद आहेत. फीडबॅकची एक जागा मोकळी, समांतर १ मेगाओहमसह. ५५३४ च्या कपॅसिटरसाठी दोन छेद दिले, कारण तो प्रयोग करण्याचा मोह मला आवरला नाही. बाकी सर्व भाग सोल्डर केले आणि बायसचे रेझिस्टर जंपरने निवडता येतात. सुरुवातीच्या यादीत बदलण्याजोगे चाळीस भाग होते, आता पाच आहेत.

एका तुकडीने हे बोर्ड वापरले. दोन आयसी उलट्या बसवल्या गेल्या. एक सुलट केल्यावर चालली, दुसरीचा एक अँप गेला आणि दुसरा शाबूत राहिला. आयसी अर्धी मरते, हे त्या दिवशी मुलांनी प्रत्यक्ष पाहिले. २एससी९४५ ची पिशवी संपत आली आहे. अनपेक्षित दोष एकच निघाला. पाच छेदांच्या स्ट्रिपशेजारची अक्षरे स्ट्रिपच्या प्लास्टिकखाली झाकली गेली, त्यामुळे कोणता छेद एमिटरचा हे मुले अंदाजाने ठरवत होती.

अर्धा मिलिमीटर

ती अक्षरे स्ट्रिपच्या मध्यरेषेपासून निदान २.५ मिलिमीटर बाहेर घ्या आणि दोन्ही बाजूंना छापा, कारण पाठमोरा बसवलेला ट्रान्झिस्टर एका बाजूची अक्षरे झाकतो. आयसी बेसच्या पहिल्या पायाची खूणही बेसबाहेर आहे ना, हे उरलेले अठरा बोर्ड छापायला देण्यापूर्वी पाहून घ्या.

तंत्रमास्तर

पाहिले. तीही बेसखालीच होती. दोन्ही दुरुस्त करून फाइल सोमवारी पाठवतो.